परदेशातल्या मुलांच्या सेवाकार्यातून निघताना आभार कसे मानावेत

निघायच्या दिवशी माइक हातात आला की माणूस "सगळ्यांचे मनापासून आभार" म्हणतो आणि खाली बसतो. त्या 'सगळ्यां'त कोण कोण होतं, ते ऐकणाऱ्यांना कळत नाही आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाही नाही. मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारी बाई. परदेशात मुलांमध्ये सेवा करायला जाण्याआधी आमच्याकडून गोष्टी, गाणी, खेळ, सगळ्याची तालीम करून घेतली गेली. निरोपाची तालीम मात्र कोणी घेत नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम वहीचं. पोचल्यापासून रोज रात्री एक ओळ लिहा: आज कोणी आपल्यासाठी काय केलं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि संचालक यांची नावं आपोआप लक्षात राहतात, त्यांच्यासाठी वही लागत नाही. ती लागते फाटक उघडणाऱ्यासाठी, मुलांना गाडीतून आणणाऱ्यासाठी, वर्ग सुटल्यावर फरशीवरचा गोंद खरवडणाऱ्या बाईंसाठी, आणि तुम्ही तापाने पडलात त्या दिवशी न सांगता तुमचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेसाठी. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं त्याचा सोळावा अध्याय आपण नुसती नावांची यादी म्हणून भरभर वाचतो. तो सावकाश वाचा. दोन डझनांच्या आसपास माणसं आहेत, आणि बऱ्याच जणांपुढे त्यांनी काय केलं ते लिहिलंय. फिबी पुष्कळांना साहाय्य करणारी, प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, मरियेने फार श्रम केले, रूफची आई तर पौलालाही आईसारखी. आभार कसे मानावेत याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही: नाव, आणि त्यापुढे काम.

मुलांना कधी सांगायचं? आधी तिथल्या कायमच्या शिक्षकांना विचारा. त्यांनी तुमच्यासारखे कितीतरी येता-जाताना पाहिलेत आणि कोणतं मूल निरोपाने बिथरतं हे त्यांना माहीत असतं. साधारणपणे आठवडाभर आधी, सगळ्यांना एकत्र, नेहमीच्या वर्गात सांगावं. लहानांना तारीख कळत नाही. "अजून तीन वेळा झोपून उठलात की मी जाणार" हे कळतं. आणि त्याच वाक्याला जोडून, तुमच्यानंतर गोष्ट कोण सांगणार तेही सांगा, शक्यतो त्या शिक्षिकेला शेजारी उभं करून. निघण्याच्या सकाळी गुपचूप पसार होणं मुलांसाठी सोपं असतं, असं काही मोठी माणसं म्हणतात. ते मोठ्यांसाठी सोपं असतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. "परत कधी येणार?" हा प्रश्न येणारच. तिकीट काढलेलं नसेल तर "येईन" म्हणू नका. आपल्या लोकांना "देवाची इच्छा असेल तर" हे शब्द जोडले की सुटल्यासारखं वाटतं. मूल पुढचं फक्त "येईन" ऐकतं आणि दिवस मोजायला लागतं. बायबलमधलंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, विसावा अध्याय: सुमारे तीन वर्षं इफिसात काढल्यावर पौल तिथल्या मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना मिलेत इथे बोलावतो आणि सरळ सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. ते रडतात, गळ्यात पडतात. तो मागे घेत नाही, गुळमुळीत करत नाही. मंडळीचा कळप त्यांच्या हवाली करतो, गुडघे टेकून त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो आणि जहाजावर चढतो. मुलांना एवढं कठोर बोलायची गरज नाही. "मला माहीत नाही. पण तुझं नाव माझ्या वहीत आहे, मी त्या नावाने प्रार्थना करीन," एवढं पुरे, आणि ते खरं करता येण्याजोगं आहे.

रविवारी येऊन दुपारी आपापल्या घरी जाणारी मुलं वेगळी आणि वसतिगृहात किंवा अनाथालयात राहणारी वेगळी, हे इथे सांगायला हवं. दुसऱ्या प्रकारच्या मुलांनी आधीच माणसं गमावलेली असतात; त्यात दर थोड्या महिन्यांनी एक नवा ताई-दादा येतो, जीव लावतो, निघून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2019मध्ये बालहक्कांवरचा जो ठराव केला, त्यात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे होणारी हानी रोखण्याचा मुद्दा आहे. तुमचं सेवाकार्य चांगलंच असेल. तरीही अशा ठिकाणी निरोप छोटा ठेवा. मिठ्यांची रांग, दिवे मंद करून गाणी, मागे मुलांच्या फोटोंची चित्रफीत, असलं काही करू नका. तुम्हाला ती आठवण हवी असते, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायचं असतं.

मुलांचे आभार मानताना "मी तुम्हाला शिकवलं त्याहून जास्त तुम्ही मला शिकवलंत" हे वाक्य टाळा. ऐकायला गोड, पण त्यातून एकाही मुलाला स्वतःबद्दल काही कळत नाही. प्रत्येकासाठी हातभर कागद नको, एका ओळीचं कार्ड करा. "माझा उच्चार चुकला की तू न हसता तो पुन्हा म्हणून दाखवायचीस, त्यामुळे मला गाणं म्हणता आलं." "खेळ संपल्यावर दोऱ्या तू गुंडाळायचास." जो मुलगा एकदाही जागेवर बसला नाही त्याच्यासाठीही ओळ सापडते, कारण दार वाजलं की सगळ्यात आधी उठून तोच उघडत असणार. आणि जी मुलगी कधी बोललीच नाही, तिला "तू रोज पहिल्या रांगेत बसलीस, मला ते दिसत होतं" एवढं लिहा. ओळ सुचत नसेल तर कार्ड राहू द्या आणि दोन दिवस त्या मुलाकडे नीट बघा. नावं हजेरीपटावरून तपासून घ्या. चुकीच्या नावाचं कार्ड नसलेलं बरं.

भेटवस्तू द्यायची असेल तर प्रमुखांना विचारून, सगळ्यांच्या वापराची द्या: चेंडू, रंग, वाचायची पुस्तकं. एखाद्या लाडक्याच्या मुठीत पैसे सरकवू नका. तुम्ही गेल्यावर त्याची किंमत तो इतर मुलांमध्ये मोजतो.

निरोपाच्या उपासनेत तुमचा सत्कार होईल. "अहो, कशाला" करत अंग चोरू नका, त्यांनी तयारी केलेली असते. घ्या, आणि थोडं बोला. दुभाषी असेल तर वाक्यं आखूड ठेवा. इथे एक गंमत असते: तुम्ही दुभाष्याची स्तुती केलीत की तो नेमकी तीच गाळतो किंवा "धन्यवाद" एवढ्यावर उरकतो, कारण स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने भर सभेत कोण करणार? त्यासाठी ते एक वाक्य आधी दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या भाषेत शिकून घ्या आणि स्वतः म्हणा. उच्चार बिघडला तरी चालेल. महिनोन्महिने तुमचं बोलणं वाहून नेणाऱ्या माणसासाठी तेवढी मेहनत घ्यावीच.

प्रार्थनेत "या बिचाऱ्या लेकरांना" हा सूर नको. लेकरं डोळे मिटून ऐकत असतात. त्यांची नावं घेऊन उपकार माना, मग गप्प राहा आणि त्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. विमान, आई, बॅग हरवू नये, असं काहीबाही ते मागतील. मोठ्याने आमेन म्हणा. रडू आलं तर येऊ दे, इफिसचे वडीलधारेही रडले. पण मुलंच तुमचे डोळे पुसायला लागली तर पाणी प्यायच्या निमित्ताने जरा बाहेर जा. त्यांनी तुम्हाला सावरायचं नसतं.

या सगळ्या भाषणांपेक्षा मोठे आभार म्हणजे हस्तांतराची वही, आणि तीच सहसा राहून जाते. गोष्ट कुठपर्यंत आली, कोणत्या गटाचं पाठांतराचं वचन कोणतं चाललंय, गोष्ट सांगताना चित्रं चिकटवायच्या फ्लॅनेलच्या (कापडी) फळ्यावरची कोणती चित्रं फाटलीत आणि कोणती डब्यात आहेत, कोणतं गाणं लावलं की धिंगाणा होतो. पुढच्या शिक्षिकेचा त्यात पहिला महिना वाचतो. एखाद्या मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट मात्र या वहीत नको. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तो बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या माणसाला, निघण्याआधी, समोरासमोर सांगा. कपाटाची किल्ली परत द्या. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून ती परदेशी जाते.

घरी आल्यावर मंडळी साक्ष द्यायला, म्हणजे सेवेचा अनुभव सांगायला, उभं करते. तिथे त्या वहीतली माणसं सांगा, म्हणजे देणगी देणाऱ्यांनाही कळतं की काम कोण करतं. मुलांचे फोटो संस्थेची परवानगी असेल तेवढेच दाखवा आणि चेहरा, नाव, गाव ही तिन्ही एकत्र कधीच नको. मुलांकडून समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती आली तर खाजगीत स्वीकारू नका. संस्थेला कळवा आणि पत्रव्यवहार तिच्यामार्फतच करा. महिन्याभरात सगळ्या वर्गाला मिळून एक पत्र पाठवा. एकच कबूल करा आणि ते पाठवाच.

संस्थेत काही खटकलं असेल तर तेही लिहा, पण वेगळ्या पत्रात, प्रमुखांच्या नावाने. आभाराच्या पत्रात चौथ्या परिच्छेदात "फक्त एक सूचना" आली की आधीचे तीन परिच्छेद कोणी पुन्हा वाचत नाही.