प्रागमधील जुनी ज्यू वस्ती कशी पाहावी

प्रागच्या जुन्या चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती आहे. बहुतेक सहलींमध्ये तिच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो, पण निदान अर्धा दिवस हाताशी असेल तरच ही वस्ती पाहण्यात अर्थ आहे.

सर्वप्रथम वार पाहावा. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि ज्यू सणांच्या दिवशी येथील संग्रहालय व सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) पर्यटकांसाठी बंद असतात. कोकणातील बेने इस्रायली ज्यू शनिवारी तेलघाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागचे कारण वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात दारे लवकर बंद होतात, म्हणून सकाळीच पोहोचावे.

जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. आज दिसणारे रुंद रस्ते आणि उंची दुकाने म्हणजे मूळ वस्ती नव्हे. १८९३ च्या कायद्यानंतर अस्वच्छतेचे कारण देऊन येथील जवळपास सगळी घरे आणि गल्ल्या पाडण्यात आल्या. सहा सिनेगॉग, दफनभूमी आणि ज्यू नगरभवन एवढेच मुख्यतः उरले. या उरलेल्या वास्तूंवरूनच नाहीशा झालेल्या वस्तीचा अंदाज बांधायचा आहे.

सुरुवात पिंकास सिनेगॉगपासून करावी. बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतील, नाझींच्या अत्याचाराला बळी पडलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे येथील भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. ही नावे गावागावांनुसार लावलेली असल्यामुळे एखाद्याच गावापाशी थांबून एका आडनावाखालची सगळी नावे जन्मतारखांसह वाचावीत. ७८ हजार या आकड्यापेक्षा एक संपलेले कुटुंब अधिक नीट समजते. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतील ज्यू मुलांची चित्रे आहेत. ती त्यांनी फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीच्या वर्गात काढली होती, आणि त्यांतील बहुतेक मुले पुढे आउश्विट्झमध्ये मारली गेली. येथे मोठ्याने बोलू नये, आणि भिंतीसमोर उभे राहून स्वतःची छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत.

लगतच्या दफनभूमीत सर्वांत जास्त वेळ काढावा. १५व्या शतकापासून १७८७ पर्यंत येथे दफने होत राहिली. ज्यूंना वस्तीबाहेर जागा मिळत नव्हती आणि धर्माप्रमाणे जुन्या कबरी हलवता येत नव्हत्या. त्यामुळे वर माती टाकून थरावर थर रचले गेले आणि खालचे दगड वर आणून बसवले गेले. एकमेकांना रेटत तिरके उभे असलेले सुमारे १२ हजार दगड हा त्याचाच परिणाम आहे. दगडांवरील हिब्रू वाचता आले नाही तरी खुणा वाचता येतात : आशीर्वादासाठी उचललेले दोन हात पुरोहित घराण्याचे, तर पाण्याची झारी लेवींची, म्हणजे पुरोहितांना साहाय्य करणाऱ्या घराण्यांची. १६०९ मध्ये निधन पावलेले ज्यू धर्मगुरू रब्बी लोव यांच्या थडग्यावर सिंह कोरलेला आहे. थडग्यांवर ठेवलेले खडे आणि चिठ्ठ्या श्रद्धेने ठेवलेल्या असतात, त्यांना हात लावू नये.

त्यानंतर १३व्या शतकातील जुने-नवे सिनेगॉग पाहावे. येथे आजही प्रार्थना होते, म्हणून पुरुषांनी डोके झाकावे आणि सर्वांनीच अंगभर कपडे घालावेत. आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, यावरून आजूबाजूची जमीन शतकानुशतके किती वर आली आहे ते कळते. याचे तिकीट संग्रहालयाच्या तिकिटात धरलेले असेलच असे नाही. खिडकीवर विचारून घ्यावे. बाहेर पडल्यावर नगरभवनावरील हिब्रू अक्षरांचे घड्याळ अवश्य पाहावे. त्याचे काटे उलट्या दिशेने फिरतात.

वेळ कमी असल्यास मायसेल सिनेगॉग वगळावे, परंतु सोनेरी नक्षीकामाचे स्पॅनिश सिनेगॉग चुकवू नये.

तेरेझीन प्रागपासून सुमारे ६० किलोमीटर आहे आणि होलेशोविचे स्थानकावरून तेथे बस जाते. मात्र ते त्याच दिवशी उरकू नये. छावणीचे गाव आणि छोटा किल्ला यांमध्ये बरेच चालावे लागते, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा.