अ‍ॅनिलिन की बेन्झिलअमाइन? ओळखताना या चुका टाळा

दोन्हीत बेन्झिन रिंग, दोन्हीत एनएच-टू, दोन्ही प्रायमरी अमाइन (नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेला), उत्कलनबिंदूसुद्धा जवळपास तोच, अ‍ॅनिलिनचा १८४ अंश आणि बेन्झिलअमाइनचा १८५. फरक काय तो मधल्या एका सीएच-टूचा. दरवर्षी बीएस्सीची मुलं नेमकी त्यावरच मार्क घालवतात आणि मी दर जर्नलमध्ये तेच तेच लाल पेनाने लिहीत बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बर्फाचा कंटाळा. डाय टेस्टला, म्हणजे रंगद्रव्य बनतं का ते बघायला, अमाइन डायल्यूट एचसीएलमध्ये विरघळवायचं, ० ते ५ अंशांवर आणायचं, मग गार सोडियम नायट्राइट थेंब थेंब, मग कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) विरघळवलेलं बीटा-नॅफ्थॉल. अ‍ॅनिलिन असेल तर नारिंगी-लाल डाय मिळतो. बेन्झिलअमाइनचं डायझोनियम, म्हणजे नायट्राइटमुळे अमाइनपासून बनणारं मधलं संयुग ज्यातून पुढे डाय होतो, ते गारव्यातही टिकत नाही, नायट्रोजनचे बुडबुडे निघतात आणि मागे मुख्यतः बेन्झिल अल्कोहोल उरतं. हे सगळ्यांना पाठ असतं हो. पण एका वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेत मी एकाच बाटलीतलं अ‍ॅनिलिन तीन टेबलांवर अनोन (ओळखायचा नमुना) म्हणून ठेवलं, दोघांनी बरोबर ओळखलं आणि तिसऱ्या मुलीने लिहिलं बेन्झिलअमाइन. का, तर "सर, बुडबुडे आले, लाल रंग आलाच नाही." जाऊन बघतो तर एप्रिलचा उकाडा, ट्रफमधल्या बर्फाचं कधीच पाणी झालेलं, थर्मामीटर ड्रॉवरमध्ये आणि नायट्राइट एका दमात ओतलेलं! अरे, अ‍ॅनिलिनचं डायझोनियमसुद्धा गरम झालं की फुटतं, नायट्रोजन सुटतो आणि फिनॉल होतं, म्हणजे नुसत्या बुडबुड्यांवरून काहीच ठरत नाही. तिच्याकडून नवीन बर्फावर परत करून घेतलं, लालभडक डाय आला, पण तोवर बाकीची परीक्षा हातची गेली होती. अभ्यास केलेली मुलगी होती ती, पाच मिनिटं वाचवायला गेली.

माझी सवय सांगतो. बर्फ कुटून त्यात थोडं पाणी घालतो, कारण नुसत्या खड्यांना टेस्ट ट्यूब नीट टेकत नाही. अमाइन, नायट्राइट, नॅफ्थॉल तिन्ही ट्यूब आधी त्यात उभ्या करतो आणि थर्मामीटर ट्रफमध्ये नाही, अमाइनच्या ट्यूबमध्ये ठेवतो. एचसीएलची काटकसर करू नका, अमाइनच्या अडीच-तीन पट मोल हवं, कमी पडलं तर पिवळट डायझोअमिनोबेन्झिन पडतं आणि मग तोच आपला डाय समजून मुलं खूश होतात. रंग कुणाचा हे विसरत असाल तर नाव आठवा, अ‍ॅनिलिन हे नाव नीळ या अर्थाच्या 'अनिल' शब्दावरून आलंय, १८२६ मध्ये ते पहिल्यांदा नीळ तापवूनच मिळालं होतं.

दुसरी चूक पीकेबीची, म्हणजे बेस किती स्ट्राँग ते सांगणाऱ्या आकड्याची. अ‍ॅनिलिनचा ९.३८, बेन्झिलअमाइनचा ४.७०, आणि मुलं मोठा आकडा बघून अ‍ॅनिलिन स्ट्राँग बेस लिहून मोकळी होतात. उलटं आहे! पीकेबी जितका कमी तितका बेस स्ट्राँग, म्हणजे बेन्झिलअमाइन जवळजवळ ५० हजार पट पुढे. काही जण तर बेन्झिलअमाइनमध्येही नायट्रोजनच्या लोन पेअरचे (बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीचे) बाण रिंगमध्ये नेतात, मधे सीएच-टूचा एसपी-थ्री, म्हणजे फक्त एकेरी बंधांचा कार्बन बसलाय ना, पेअर जाणार कुठून? अ‍ॅनिलिनमध्ये ती रिंगमध्ये पसरते म्हणून प्रोटॉन घ्यायला कमी मिळते, बेन्झिलअमाइनमध्ये ती नायट्रोजनवरच राहते. शॉर्टकट नोट्समधला तक्ता पाठ करण्यापेक्षा दोन्ही स्ट्रक्चर एकदा हाताने काढा. लाल लिटमस बेन्झिलअमाइनच्या पाण्यातल्या द्रावणात निळा होतो, अ‍ॅनिलिनच्या नाही.

कार्बिलअमाइन टेस्ट (क्लोरोफॉर्म आणि अल्कलीबरोबर तापवून वास बघायची) फरक ओळखायला लिहू नका, घाण वास दोन्हीला येतो. हिन्सबर्ग टेस्टचंही तेच, ती अमाइन प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी एवढंच सांगते आणि इथे दोन्ही प्रायमरी. ब्रोमीन वॉटर चालेल, अ‍ॅनिलिन लगेच पांढरा साका देतं.

बाटलीच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका, ताजं अ‍ॅनिलिन रंगहीन असतं, हवा-उजेडाने तपकिरी होतं. बेन्झिलअमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून झाकणाशी पांढरा थर धरतो, तो पुसून मगच घ्या.

आणि अ‍ॅनिलिनला ग्लोव्हज घालाच. ते कातडीतून आत जातं आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, मग रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही. हातावर सांडलं तर टेस्ट तशीच सोडा आणि आधी साबणाने हात धुवा.