रशीद ताहाचा बाज मुंबईच्या बँडमध्ये कसा आणावा

गायक रशीद ताहा १९५८ साली अल्जीरियात, ओरानजवळच्या सिग गावात जन्मला. लहानपणीच घरच्यांबरोबर फ्रान्सला गेला आणि ल्योंमध्ये कारखान्यात राबता राबता त्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बँड काढला. बँडचं नाव 'कार्त द सेजूर', म्हणजे परक्या माणसाला फ्रान्समध्ये राहण्यासाठी लागणारा परवाना. पुढे १९९८च्या 'दिवान' अल्बममध्ये त्याने जुनी शाबी, म्हणजे अल्जीरियातली लोकप्रिय शहरी गाणी नव्याने गायली. गाव सोडून गेलेल्याची हुरहूर हा त्यातला मोठा धागा. गिरणगावातल्या माणसाला ती हुरहूर अण्णाभाऊंच्या छक्कडीतून आधीच ठाऊक आहे, म्हणून हा बाज मुंबईत परका वाटत नाही.

बहुतेक बँड सुरुवातीलाच चुकतात. रॉकचं गाणं पुरतं बसवतात आणि वरून ऊद या अरबी तंतुवाद्याचा एक तुकडा कोथिंबिरीसारखा भुरभुरतात. ताहाची गाणी लक्ष देऊन ऐका. त्यांत ताल आणि तंतुवाद्य हाच पाया आहे, गिटार त्यांच्यासाठी जागा सोडते. बसवतानाही तोच क्रम ठेवा.

आधी ताल. मकसूम हा आठ मात्रांचा अरबी ठेका सोपा आणि कामाचा: दुम तक – तक दुम – तक –. 'दुम' हा जड आघात, 'तक' हलका आणि – म्हणजे रिकामी मात्रा. ड्रमरचा किक पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे दोन्ही 'दुम'वर. घोटाळा स्नेअरचा होतो. रॉकच्या सवयीने हात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो, पण मकसूममध्ये तिसरी मात्रा रिकामी असते आणि ठेक्याचा झोका त्या रिकाम्या जागेतच असतो. ती बुजवली की ताल सपाट होतो. स्नेअर फक्त सातवीवर ठेवा. वेग मिनिटाला १०० ते ११५च्या दरम्यान.

बेंदिर हे उत्तर आफ्रिकेतलं डफासारखं वाद्य इथे शोधत बसू नका, कव्वालीतला डफ घ्या. बेंदिरच्या कातड्यामागे आतडीच्या तारा असतात, त्यामुळे आवाजाला घरघर येते. डफाच्या आतल्या बाजूने बॅडमिंटन रॅकेटच्या गटच्या दोन तारा, कातड्याला जेमतेम टेकतील अशा, कडेपासून कडेपर्यंत ताणून बांधा. फार ताणल्या तर डफाचा आवाजच गुदमरतो. मुंबईच्या पावसात खरं कातडं दमट होऊन सैल पडतं आणि तारा त्याला चिकटतात. जून ते सप्टेंबर फायबरचा पडदाच वापरा.

मोरोक्कोच्या ग्नावा संगीतातल्या लोखंडी करकबांसाठी (चिपळ्यांसारख्या वाद्यासाठी) वारकरी टाळ चालतो, पण मोकळा नको. करकबांचा आवाज कोरडा आणि आखूड असतो, म्हणून एक टाळ तळहातात अर्धा दाबून वाजवा. आघातांमधलं अंतर सरळ सोळाव्या भागांचंही नसतं आणि तिहेरीचंही नसतं, ते दोन्हींच्या मधलं असतं. रेकॉर्डिंग झाल्यावर हा ट्रॅक संगणकावर ग्रिडला, म्हणजे समान अंतराच्या रेषांना चिकटवलात की सगळी मेहनत वाया गेली.

आता मांदोल, म्हणजे शाबीतलं जोडतारांचं मोठं मँडोलिन. ताहाबरोबर हकीम हमादूश याच जातीचं वाद्य वाजवायचा. तुमच्याकडे ते नसेल तर बारा तारांची गिटार घ्या. तिच्या खालच्या चार जोड्यांत एक तार वरच्या सप्तकाची असते, ती चमक इथे नको आहे. सहावी जोडी काढून टाका. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीतल्या बारीक तारा काढून त्याजागी जोडीदाराच्याच जाडीच्या तारा लावा: साधारण ०.०२३, ०.०३० आणि ०.०३९ इंच. नटमधली (मानेच्या टोकाच्या पट्टीतली) खाच बारीक तारेसाठी कापलेली असल्याने जाड तार वर तरंगते आणि झणझणते. खाच बारीक कानशीने, थोडी थोडी करत रुंद करा, खोल करू नका. या बदलाने त्या जोड्यांचा ताण वाढतो, म्हणून पूर्ण वाद्य एक स्वर खाली लावा, नाहीतर ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उचलला जाईल.

लांब, लवचीक मिझराबीसाठी लॅमिंग्टन रोडला मिळणारा ८ मिलिमीटर रुंदीचा केबल टाय उत्तम. ११-१२ सेंटिमीटर तुकडा कापून टोक सँडपेपरने गोल करा. साध्या पिकने हा आवाज येत नाही, कारण पिक तारेवर अडकतं आणि टाय घसरतो.

स्वरांचं गणित आपल्याला सोपं जातं. मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा स्वरसाचा. हिजाज मकाम ढोबळमानाने आपला बसंत मुखारी: रे कोमल, ग शुद्ध, ध-नी कोमल. सा सफेद दोन, म्हणजे डी ठेवा. बयाती या दुसऱ्या मकामामध्ये मात्र रे हा कोमल आणि शुद्धच्या मधोमध असतो. कीबोर्डच्या स्केल ट्यूनिंगमध्ये ई स्वर उणे ५० सेंट, म्हणजे पाव स्वर खाली करा. गिटारवाल्याने तो स्वर वाजवूच नये.

गिटारवर पूर्ण कॉर्ड टाळा. डिस्टॉर्शनमध्ये गंधार असलेला कॉर्ड चिखल होतो आणि मकामाच्या गंधाराशी भांडतो. फक्त सा-प जोडीचे पॉवर कॉर्ड: डी, जी आणि सी. हिजाजमध्ये ई फ्लॅटही चालतो. ए मात्र दोन्हींत वर्ज्य. त्याचा पंचम शुद्ध ई असतो, तो गायकाच्या रेवर आदळतो आणि कुणीतरी बेसूर झालंय एवढंच सगळ्यांना कळतं, कोण ते सापडत नाही. गेन नेहमीपेक्षा निम्म्यावर आणा, ८०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलने उतरवा. मांदोल तिथेच बोलतं.

बेस गिटारला ग्नावांच्या गेंब्री या खर्जाच्या तंतुवाद्याचा ठसका हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा, टोन पूर्ण बंद करा आणि अंगठ्याने वाजवा.

शेवटी गाणं. दोन-तीन जणांची झील ठेवा, अगदी पोवाड्यासारखी: गायकाची ओळ संपण्याआधी अर्धी मात्रा झीलकऱ्यांनी उचलायची. त्यांना वेगवेगळे माइक देऊ नका. एकाच माइकभोवती हातभर अंतरावर उभं करा आणि सगळ्यांनी एकाच स्वरात गायचं, हार्मनी नाही.