ढाळ राहू द्या, खळगे भरा: कोब्यावर लॅमिनेट बसवताना

लॅमिनेट म्हणजे सांध्यात सांधा अडकवून जमिनीवर अंथरायच्या तयार फळ्या. त्यांच्यासाठी कोकणातल्या जुन्या घरात सपाट जमीन मिळेल ही आशा सोडा. माजघराचा कोबा घालतानाच दाराकडे किंवा मोरीकडे ढाळ दिलेला असतो, पाणी ओतून धुता यावं म्हणून. त्यात जोतंही कुठेतरी थोडं खचलेलं असतंच.

आधी ओल बघा, तीही पावसाळ्यात. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी जमीन आषाढात घाम गाळते. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपटला असेल, तर जांभ्याच्या जोत्यातून ओल वर चढते आहे. त्या खोलीत लॅमिनेट घालूच नका. त्याचा गाभा लाकडाचा लगदा दाबून केलेला असतो. एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. कोरडी ठरलेली खोली दसऱ्यानंतर कामाला घ्या.

आता खरं डोकं खाणारा भाग. दुकानदार सांगतो, ‘सेल्फ लेव्हलिंग ओता, आपोआप सपाट होईल.’ होईल, पण ते सिमेंटचं पातळ मिश्रण पाण्यासारखं पातळी शोधतं. पंधरा फुटांच्या खोलीला इंचभर ढाळ असेल, तर सगळा माल खालच्या टोकाला जमतो, तिथे इंचभर थर चढतो आणि दार अडकतं. खर्च वेगळाच. मुळात लॅमिनेटला ढाळाचं वावडं नाही. सहा फुटांत इंचापर्यंत चालतो. वावडं आहे ते खळग्यांचं आणि उंचवट्यांचं. खाली पोकळी राहिली की पाय पडेल तिथे फळी लचकते आणि काही महिन्यांत सांध्याचा लॉक तुटतो.

म्हणून सहा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या आणि ती ढाळाच्या दिशेने, आडवी, तिरकी अशी सगळ्या खोलीभर फिरवा. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तीन मिलिमीटर होतात. ती पट्टीखालून सहज सरकली, तर तो खळगा, खडूने घेरा. पट्टी जिथे डुलते तो उंचवटा, तो ग्राइंडरने आधी उतरवा. उंचवटा तसाच ठेवून भोवती भरत बसलात, तर काम वाढतच जातं.

खळगे दुरुस्तीच्या घट्ट पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे चिकट पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने, भरा. गुळगुळीत कोबा आधी खरवडा, धूळ काढा, प्राइमर मारा, मग मॉर्टर थापून पट्टी ढाळाच्या रेषेतच ओढा. नुसत्या सिमेंट-वाळूचा पातळ थर कडेला पापुद्रा धरून सुटतो. पीओपी तर आपल्या दमट हवेत नकोच. आणि ‘फोमचे दोन थर घाला, खळगे झाकले जातील’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा: मऊ फोमवर सांधे आणखी हलतात, तुटतात.

पुढचं सोपं. मॉर्टर पूर्ण सुकू द्या. फळ्यांचे खोके दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा. प्लास्टिक, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा एकच फोम, मग फळ्या. भिंतीपासून दहा मिलिमीटर जागा सोडून. ती जागा स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, झाकली जाते. दार मात्र तळातून तासावं लागेल, तेव्हा सुताराला फळ्या बसल्यावरच बोलवा.