तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा, आधी लिहून ठेवा

युनियनच्या कामामुळे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाबद्दलचे लोकांचे तक्रारअर्ज वाचणं माझं रोजचंच झालंय. बहुतेकांची सुरुवात ठरलेली: 'मला सतत अपमानास्पद वागणूक दिली जाते.' खोटं नसतं ते. पण चौकशीला बसलेला माणूस लगेच विचारतो, म्हणजे नेमकं काय केलं? तिथे भलेभले गडबडतात. महिनोन् महिने सोसलेलं असं ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

म्हणून घडलं त्याच दिवशी एका वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं. आणि शब्द जसेच्या तसे. 'टोमणा मारला' नको. 'सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या लोकांना हिशेब कुठला कळायला, तू खुर्च्या लाव' असं हवं. शिवी दिली असेल तर शिवीच लिहा, फुल्या मारू नका. ती काही तुम्ही दिलेली नाही. कोण हसलं, कोण मान खाली घालून बसलं, तेही टिपा. साक्षीदार लागला तर मी आधी मान खाली घालणाऱ्याकडे जाते. 'त्यांचा माझ्यावर राग आहे' वगैरे अंदाज मात्र वेगळे ठेवा.

भेदभावाचं प्रकरण जास्त किचकट. शिवी नाही, आवाज चढलेला नाही. रजा नामंजूर, बस्स. मग दाखवायचं कसं? तुलना करून. त्याच सुमारास, त्याच पदावरच्या कुणाला रजा मिळाली, किती दिवसांची, कशासाठी? तुम्हाला नाकारताना काय कारण दिलं? कारण तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी साधा मेल टाका: 'आज आपण सांगितल्याप्रमाणे माझी रजा अमुक कारणाने नामंजूर झाली आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कळवावे.' उत्तर आलं तर कागद हातात आला. नाही आलं तरी तुमचा मेल आहेच. कधी कधी तर एवढ्यानेच साहेब सावध होतात आणि रजा मंजूर होते!

मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना नाव आणि वेळ कापू नका. तुम्ही चिडून दिलेली उत्तरंही राहू द्या. ती पुसलीत तर बाकीच्यावरही शंका घेतात. या नोंदी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकोत, तो कधीही काढून घेतला जातो.

'एकदाच तर झालं, एवढं काय मनावर घेता' हे ऐकावं लागेलच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या करार क्रमांक १९० मध्ये छळाच्या व्याख्येतच 'एकदा घडलेलं असो वा वारंवार' असं म्हटलंय. कामावर जातायेतानाचा प्रवास आणि कामासंबंधीचे फोन-मेसेजही त्यात येतात. तुमच्या देशाने तो करार स्वीकारलाय का, बघून घ्या.

आणि तक्रारीची मुदत आधी शोधा. बऱ्याच ठिकाणी ती अगदी थोड्या महिन्यांची असते आणि घटनेच्या दिवसापासूनच मोजली जाते. शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.