पोराचं लिखाण तपासायचं तर आधी त्याच्या तोंडून ऐका

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. नवे शिक्षक आले की विचारतात, 'बाई, तिसरीच्या पोराच्या लिखाणाला गुण द्यायचे कसे?' माझी रीत सांगते.

विषयापासून सुरुवात करा. 'माझी शाळा', 'माझा आवडता प्राणी' देऊ नका. त्यावरच्या दहा ओळी पोरं पाठ करून येतात आणि आपण त्यांच्या ताईचं लिखाण तपासत बसतो. फळ्यावरचं उतरवून घेतलं तर हाताचं वळण कळतं. श्रुतलेखनातून कान कळतो. स्वतःचं काही सांगता येतं का, हे दोन्हींतून कळत नाही. 'काल शाळा सुटल्यावर काय केलंस?' एवढंच विचारा. पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वीस मिनिटं लिहू द्या. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. 'पानी' खोडून 'पाणी' केलेलं दिसलं की पोराचा कान जागा आहे हे समजतं. रबराने ते पुसलं जातं.

लाल पेन अजून उघडू नका. एकेकाला जवळ बसवून त्याचं त्यालाच वाचायला लावा. सगळा वर्ग व्हायला आठवडा लागतो, लागू दे. एका पोरीने लिहिलं होतं:

'आमी रताळी काडूलालो आज्जीन बांदावर भाकरी दिली मी दोन खाल्ली'

कागदावर एकही पूर्णविराम नव्हता. वाचताना मात्र ती 'काडूलालो'पाशी थांबली, 'दिली'पाशी थांबली. वाक्य कुठे संपतं हे तिला ठाऊक होतं, फक्त हातात उतरलं नव्हतं. तिला मी तिथेच पेन्सिल दिली आणि म्हटलं, 'जिथं थांबलीस तिथं टिंब दे.' तिने तिन्ही बरोबर दिले. नुसता कागद पाहून गुण दिले असते तर तिला वाक्यच येत नाही असा शेरा मारून मी मोकळी झाले असते. सुरुवातीच्या वर्षांत मी तेच करत होते. एका पोराची वही लाल करून दिली आणि तो वर्षभर दोन ओळींपुढे गेला नाही. त्याची आठवण अजून जात नाही.

'काडूलालो'ला गुण कापू नका. तिच्या घरात तसंच बोलतात. 'पुस्तकात काढत होतो असं लिहितात' एवढं सांगून दोन्ही रूपं खाली-वर लिहून द्या. 'काड' आणि 'बांद' ही मात्र वेगळी गोष्ट: बोलताना महाप्राण, म्हणजे 'ढ'-'ध'मधला 'ह'सारखा श्वास, निसटतो, म्हणून लिहितानाही निसटतो. तळहात तोंडासमोर धरून 'काड-काढ', 'बांद-बांध' म्हणायला लावा. श्वास हाताला लागतो तेव्हा फरक कळतो. 'आज्जीन'वर अनुस्वाराचं टिंब हवं, ते 'आज्जीनं' लांबवून म्हटलं की सापडतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ही पोरं कन्नडही लिहितात. कन्नडात अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षरापुढे ओळीवर शून्यासारखा येतो. म्हणून कोणी 'आंबा' लिहिताना 'आ'पुढे गोल काढतो. कन्नड अक्षरं एका सलग शिरोरेषेला टांगलेली नसतात. ती सवय आली की मराठी शब्दाची रेघ मध्येच तुटते आणि 'शाळेत' हा एक शब्द दोन वाटतो. हे चुकांच्या खात्यात घालू नका. पोराला दोन लिप्या येतात, त्यांची सरमिसळ झाली आहे. दोन्ही अक्षरं शेजारी काढून दाखवली की बहुतेकांना लगेच उमगतं.

ऱ्हस्व-दीर्घाचं तिसरीत मी एकच पाहते: शब्दाच्या शेवटी दीर्घ. पाणी, पाटी, वाळू. 'आणि'चा अपवाद वेगळा शिकवते. बाकीचं चौथीला.

आता गुण. दहातले पाच मी मजकुराला देते: काय घडलं, कोण होतं, पुढं काय झालं हे वाचणाऱ्याला कळतं का? दोन वाक्यांना, दोन शब्दांना, एक अक्षराच्या वळणाला. ही विभागणी माझी आहे. एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या, नोंदीत बसवताना तुमच्या शाळेचा तक्ता पाहून घ्या. गुणांखाली एक ओळ नक्की लिहा, आणि ती पोराला वाचता येईल अशी: 'भाकरीचं छान सांगितलंस. आता टिंब दे.' एका वेळी एकच सुधारणा. तीन सांगितल्या तर पोर एकही धरत नाही.

असा कागद जूनमध्ये, दसऱ्याच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत घ्या. तारीख घालून तिन्ही दोऱ्याने एकत्र शिवा. पालक सभेला मी गुणपत्रिकेआधी हाच जुडगा हातात देते. रताळीवाल्या पोरीची आई अंगठा लावणारी. तिने तिन्ही कागद उलटेपालटे केले, शेवटच्यावरची टिंबं बोटाने मोजली आणि पोरीला म्हणाली, 'वाच की गं, मी ऐकतो.'