ट्रिकी सॅम नॅन्टनचं ‘या-या’ ट्रॉम्बोनमधून कसं काढायचं

जो ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन १९२६ पासून १९४६ मध्ये मृत्यू होईपर्यंत जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) वाजवत होता. त्याचा ट्रॉम्बोन बोलतो असं वाटतं आणि बहुतेकांना ती सगळी प्लंजरची, म्हणजे वाद्याच्या तोंडावर धरायच्या रबरी वाटीची, करामत वाटते. नुसता प्लंजर हलवून ‘वा-वा’ निघतं, ‘या’ निघत नाही.

साहित्य थोडं आहे. तुंबलेली मोरी साफ करायचा रबरी प्लंजर दांडा काढून घ्या, नवीनच. रबर मऊ हवं आणि बेलचं (वाद्याच्या पुढच्या फुललेल्या टोकाचं) तोंड जवळपास झाकलं जायला हवं. दुसरी वस्तू म्हणजे ट्रम्पेटचा लहान स्ट्रेट म्यूट (आवाज बदलायला बेलमध्ये बसवायची शंकूसारखी वस्तू). ट्रॉम्बोनचा नेहमीचा म्यूट बेलबाहेर येतो, मग प्लंजर मिटतच नाही. लहान म्यूट खोल बसतो आणि सुरातला खालचा भरीवपणा काढून घेतो, म्हणूनच वरचे उच्चार उठून दिसतात. कॉर्कवर तोंडाची वाफ सोडून म्यूट किंचित फिरवत बसवा. कॉर्क झिजला असेल तर आधी नवा लावा, नाहीतर धातू बेलला घासतो आणि म्यूट अडकतो.

प्लंजर डाव्या हातात. त्याची खालची कड बेलच्या कडेला टेकवून दारासारखा उघडा-मिटा. वाद्याचा भार डाव्या खांद्यावर आणि मनगटावर येतो, म्हणून शिकताना एफ अटॅचमेंट (जादा नळी) नसलेला हलका टेनर ट्रॉम्बोन बरा. मिटतानाही बारीक फट ठेवा. पूर्ण दाबलं की सूर गुदमरतो.

आता खरं काम, तोंडातलं. वाद्य न घेता ‘ई-आ’ म्हणा. ‘ई’ला जीभ वर, ‘आ’ला खाली. मग मधला एफ धरा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर: दोन मात्रा मिटलेला प्लंजर आणि ‘ई’, दोन मात्रा उघडा आणि ‘आ’. हात आणि जीभ एकाच क्षणी हलली तरच ‘या’ ऐकू येतं. हात पुढे गेला की पुन्हा ‘वा’. ओठांचे कोपरे ढिले पडू देऊ नका, ‘आ’वर सूर घसरतो. मिटल्यावर सूर चढतो, तेव्हा स्लाइड (सरकती नळी) किंचित बाहेर काढा. हवा नेहमीपेक्षा जास्त लागते. एफ जमला की वरच्या बी फ्लॅटकडे जा.

घशातली गुरगुर सगळ्यात शेवटी जोडा. गुळण्या करताना होते तशी खरखर हवी. घसा आवळला की सूरच तुटतो.

कानासाठी एलिंग्टनचं १९४० चं ‘को-को’ ऐका. ई फ्लॅट मायनरमधल्या ब्लूजवर नॅन्टन अगदी मोजके सूर वाजवतो, तेच ते, फक्त उच्चार बदलत. वेगाच्या मागे लागणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. पुढे एलिंग्टनकडे टायरी ग्लेन, क्वेन्टिन जॅक्सन आणि बूटी वूड यांनी हीच रीत चालवली. जॅक्सनने ती १९६३ मध्ये जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसच्या ध्वनिमुद्रणातही नेली. नॅन्टननंतर जॅक्सन ऐकलात, तर गुरगुर कुठे वाढवायची आणि कुठे सोडून द्यायची हे लवकर कळतं.